सरकारी खर्चाने उपचार देणारी महात्मा फुले आरोग्य योजना सर्वांसाठी खुली झाली, तरी पात्रतेतील बदलांची नोंद गावाने ठेवावी का?

कोरडा ओढा (जत):
आमच्या वस्तीवरील एका सुनेला हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला न्यावे लागले. घरचे रेशनकार्ड केशरी असून त्यावर सासू-सासरे, मुलगा आणि नातू यांची नावे आहेत. सुनेचे मात्र नाही, कारण ती अथणी तालुक्यातली आणि तिचे नाव अजून कर्नाटकातल्या माहेरच्या कार्डावर आहे. रुग्णालयात योजनेचे कागद पाहणाऱ्या आरोग्यमित्राने कार्डाची मागची बाजूही उलटून पाहिली आणि ते परत दिले. नाव कमी केल्याचा दाखला आणून इकडे चढवण्यात नऊ दिवस गेले.

ही चूक त्या कुटुंबाची, असे म्हणून विषय संपत नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा शेजारचे सोलापूर त्यात होते, आपला सांगली जिल्हा नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली ती मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांपुरती, आणि जतचा दुष्काळ त्या यादीत बसला नाही. पुढे २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर आधारलेली केंद्राची आयुष्मान योजना आली व १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र झाल्या. जुलै २०२३ च्या निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट गेली आणि उपचारखर्चाचे दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. यातला एकही बदल आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवला गेल्याचे मला आठवत नाही. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने घरनिहाय नोंदवही ठेवावी आणि बदललेले नियम वर्षातून एकदा तरी सभेत वाचावेत, असे माझे मत आहे.

विटेकर:
आपल्याविषयी आदर राखून मी पूर्ण असहमत आहे. पिवळे, केशरी, पांढरे हा भेदच जिथे उरला नाही, तिथे पात्रतेची नोंद कशाची ठेवायची? आपण सांगितलेली अडचण रेशनकार्ड देणाऱ्या पुरवठा शाखेची आहे, आरोग्य योजनेची नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: योजनेत ठरावीक उपचारच दिलेले आहेत, आपला आजार त्यात बसतो का आणि जवळचे कोणते रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले आहे, हे रुग्णाला आधी कळत नाही. राहिली नोंदवही. ग्रामसेवकाकडे आधीच वह्यांचा ढीग आहे. ही नवी वही मार्चअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरली जाईल, हे आपणही जाणता.

बेदाणा (तासगाव):
विटेकर, रंगाचा भेद गेला हे मला तरी निखळ चांगले वाटत नाही. केशरी कार्डाला वार्षिक एक लाख उत्पन्नाची मर्यादा होती. ती कितीही जुनी असली, तरी रांगेत कोण पुढे असावे हे तिने ठरवले होते. आता दारात चारचाकी असलेला माणूस पूर्ण कागदपत्रांची फाईल घेऊन येतो आणि मजूर अर्धवट कागद घेऊन येतो. मंजुरी आधी कोणाला मिळते हे सांगायला नको.

शिवाय पात्रता संपली, हेही खरे नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. पूर्वी ती ८५,००० आणि १,६०,००० होती. जुना आकडा मनात धरून घरी बसलेली कुटुंबे माझ्याच गल्लीत आहेत. नोंदवहीपेक्षा मला नियमांचे जाहीर वाचन महत्त्वाचे वाटते.

सेतू केंद्रावरून:
मी रोज या योजनांची कार्डे काढण्याचेच काम करतो, म्हणून थोडक्यात लिहितो. ऊसतोड करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे कोयत्याने इतके झिजलेले असतात की यंत्र ते तीनतीनदा नाकारते, आणि मग चेहरा किंवा मोबाईलवरील ओटीपी हाच मार्ग उरतो. मोबाईल आधारला जोडलेला नसेल, तर त्या दिवशी काम होत नाही. हे सर्व दसऱ्याच्या आत उरकले पाहिजे, कारण नंतर कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांवर जातात आणि वस्तीवर म्हातारी माणसे राहतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेचे वय वंदना कार्ड मिळते. मात्र जुने आयुष्मान कार्ड असले, तरी त्यासाठी नव्याने ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी करावी लागते. हे ठाऊक असलेला एकही वृद्ध आपणहून माझ्याकडे आलेला नाही.

विटेकर:
सत्तरीचा मुद्दा मान्य. वाचनालाही माझा विरोध नाही, वहीला आहे.

कोरडा ओढा (जत):
वहीचा आग्रह मी सोडतो. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत वाचनाचा विषय घ्यावा, असा अर्ज मात्र देणार आहे, म्हणजे दसऱ्याआधी काही घरे तरी सावध होतील. बेदाणा यांच्याशी एका बाबतीत माझे पटत नाही: रंगाची अट असती तर आमच्या सुनेचे नऊ दिवस वाचले नसते, कारण घरात कार्ड केशरीच होते आणि अडले ते नावावर.

सुनेची शस्त्रक्रिया योजनेतून झाली. सेतू केंद्राचा वरचा प्रतिसाद वाचून काल तिच्या सासऱ्यांचे कागद काढले. रेशनकार्डावरून त्यांचे वय ७१ येते आणि आधारवरून ६८; वय वंदनासाठी आधार धरतात, त्यामुळे आता शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा आहे, आणि शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले होते.