तिन्ही कार्डांवर पुढे, तरी दुखापतीने पराभव: लुईस-क्लिच्को २००३ चा निकाल बरोबर होता का?

(बॉक्सिंगवरची चर्चा; प्रत्येक भागावरचं नाव म्हणजे बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

निळा कोपरा

लेनॉक्स लुईस विरुद्ध विताली क्लिच्को, २१ जून २००३, लॉस एंजेलिस. सहा राउंड झाले होते, तिन्ही जजांच्या कार्डांवर, म्हणजे गुणपत्रकांवर, विताली ५८-५६ ने पुढे होता. डाव्या डोळ्यावरच्या जखमेमुळे डॉक्टरांनी लढत थांबवली आणि विजेतेपदाचा पट्टा लुईसकडेच राहिला. टीकेओ (टेक्निकल नॉकआउट, दहा न मोजता लढत थांबवणं), सहावा राउंड.

इतर कितीतरी लढती जखमेमुळे थांबतात तेव्हा कार्डं उघडून विजेता ठरवतात. मग इथे का नाही? आणि तिसऱ्या राउंडपासून वाहणारी जखम सहाव्यानंतरच अचानक एवढी धोक्याची कशी झाली?

तिसरा मुद्दा वाद घालणाऱ्यांसाठी. हाच विताली १ एप्रिल २००० ला बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध नऊ राउंडनंतर पुढे असताना खांदा दुखतो म्हणून स्टुलावरून उठला नाही. तिकडे माघार घेतली म्हणून शिव्या खाल्ल्या, इकडे लढू दिलं नाही म्हणून हिरो झाला. दोन्हीकडे एकच मापदंड लावायचा तर कोणता लावायचा?

दहा औंस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: जखम कशाने झाली ते बघतात, कोण पुढे होतं ते नाही.

नियमाला धरून मारलेल्या ठोशाने जखम झाली आणि त्यामुळे लढत थांबली, तर जखमी बॉक्सर टीकेओने हरतो. मग तो दहा गुणांनी पुढे का असेना. विताली तिसऱ्या राउंडमध्ये लुईसच्या उजव्या ठोशाने फाटला. विषय संपला.

कार्डं उघडतात ती अपघाती फाउल (नियमभंग) असेल तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा डोक्याला डोकं आपटलं असेल तेव्हा. अमेरिकी कमिशनांच्या (लढतींवर देखरेख करणाऱ्या मंडळांच्या) युनिफाइड नियमांत चार राउंड पूर्ण व्हायच्या आत अशी लढत थांबली तर ती नो डिसिजन किंवा नो कॉन्टेस्ट, म्हणजे निकालच नाही. चार पूर्ण झाल्यावर थांबली तर टेक्निकल डिसिजन, म्हणजे कार्डांवरून निकाल, आणि अर्धवट राहिलेल्या राउंडलाही गुण देतात. म्हणजे तीच जखम, तोच डोळा, तोच सहावा राउंड, पण कारण डोक्याची धडक असतं तर ५८-५६ ने विताली विश्वविजेता झाला असता. नियम क्रूर वाटतो. पण ठोशाने डोळा फोडणं हे बॉक्सिंगमधलं कौशल्यच आहे, त्याचं फळ मारणाऱ्याला मिळायला नको का?

फाउल मुद्दाम केलेला असेल तर गणित पुन्हा बदलतं. लगेच थांबवावी लागली तर फाउल करणारा बाद. जखमी पुढे लढला तर फाउल करणाऱ्याचे दोन गुण कापतात. नंतर चार राउंड उलटल्यावर त्याच जखमेमुळे थांबली, तर जखमी पुढे असल्यास तो जिंकतो, मागे किंवा बरोबरीत असल्यास टेक्निकल ड्रॉ. आणि फाउल करायला जाऊन स्वतःलाच लागलं तर रेफरी काही करत नाही, ते ठोशाने लागल्यासारखंच धरतात.

म्हणून जखम दिसताक्षणी रेफरीने कारण ठरवून जजांना आणि कमिशनच्या टेबलाला खूण करायची असते. कॉर्नरनेही (बॉक्सरच्या मदतनीसांनीही) त्याच विश्रांतीत विचारून घ्यावं, "डोकं की ठोसा?" चार राउंडनंतर विचारून काही उपयोग नाही.

नियमातल्या ठोशाशिवाय संपलेली हेवीवेट लढत पाहायची तर टायसन-ऑर्लिन नॉरिस, लास वेगास, २३ ऑक्टोबर १९९९. पहिला राउंड संपल्याची घंटा झाल्यावर टायसनने मारलं, नॉरिस पडला, पडताना गुडघा दुखावला, पुढे येऊ शकला नाही. नो कॉन्टेस्ट.

साठ सेकंद

दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. "रक्त थांबलं होतं की, मग का थांबवली" हे वाक्य दर वेळी येतं. रक्त हा निकष नाहीच.

कपाळावरची जखम धो धो वाहते, दिसायला भयानक, पण बहुतेक वेळा लढता येतं. डॉक्टर बघतात जागा, खोली, दिशा, आणि पापणी काम करते का. भुवईच्या वर आडवी जखम परवडली. वरच्या पापणीत खोल गेलेली, पापणीची कड उभी चिरणारी, किंवा नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रुनलिकेजवळची, या तीन ठिकाणी दुसरा विचार करत नाहीत.

वितालीच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितलेलं कारण नेमकं होतं: त्याने डोकं वर केलं की वरची पापणी दृष्टीवर उतरत होती. कटमन (जखमा सांभाळणारा कॉर्नरमधला माणूस) रक्त थांबवू शकतो, पापणी उचलून धरू शकत नाही. नंतर साठेक टाके पडले. जखम तिसऱ्या राउंडमधली खरी, पण पुढच्या तीन राउंडांत लुईस तिथेच मारत होता. फाटलेल्या कातडीवर ग्लोव्ह घासला की ती आणखी उकलते. "अचानक" काही झालं नाही.

साठ सेकंदांत कटमनच्या हाताला जेमतेम चाळीसेक येतात. बॉक्सर येऊन बसेपर्यंत काही गेले, "सेकंड्स आउट"ला, म्हणजे कॉर्नरला बाहेर काढणाऱ्या हाकेला, शेवटचे दहा गेले. क्रम असा: कोरड्या स्वच्छ टॉवेलने एकदाच टिपायचं, १:१००० अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थेट जखमेत दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. उचलून "थांबलं का" बघायचं नाही. अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, पण दाब नसेल तर औषध रक्ताबरोबर वाहून जातं. मग रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन किंवा अ‍ॅव्हिटिन, आणि शेवटी व्हॅसलिनचा जाड थर.

चुका ठरलेल्या आहेत. आधी व्हॅसलिन फासलं की त्याखाली औषध पोचत नाही. ट्रेनरने डोक्यावर पाणी ओतलं की ते थेट जखमेत. ओल्या टॉवेलने पुसलं की नुकती धरलेली गाठ निघून येते. पूर्वी मॉन्सेल्स सोल्युशन वापरत, लोहाचं क्षार. रक्त झटकन थांबतं पण ऊतक जळतं आणि डोळ्यात उतरलं तर कठीण, म्हणून त्यावर बंदी आहे.

अवांतर: सुजेवर ते बर्फातलं धातूचं एन्स्वेल इस्त्रीसारखं फिरवणारे कॉर्नर अजून दिसतात. सूज कुठेही "सरकत" नाही, उलट आतल्या बारीक वाहिन्या आणखी फुटतात. दाबून स्थिर धरायचं, बस.

डावखुरा

कट समजला. बर्डची लढत मात्र मला पटत नाही. नऊ राउंडनंतर कार्डं ८८-८३, ८८-८३, ८९-८२. उरलेले तिन्ही राउंड विताली १०-९ ने (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) हरला असता तरी ११५-११३, ११५-११३, ११६-११२. जिंकला असता!

पुढे जा. त्या तिनांत विताली एकदा खाली पडला, एक नॉकडाउन, असं धरा, एक राउंड १०-८. तरी दोन कार्डांवर ११४-११३ ने पुढेच. दोन वेगळ्या राउंडांत दोन नॉकडाउन झाले तर ११३-११३, ११३-११३ आणि ११४-११२, म्हणजे मेजॉरिटी ड्रॉ (दोन जजांकडे बरोबरी), आणि ड्रॉमध्ये पट्टा विजेत्याकडेच राहतो. डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेचा विजेता विताली होता. बर्ड काही एका ठोशात झोपवणारा नव्हता. नऊ मिनिटं मिठ्या मारून, दोरांना धरून, उजव्या हाताने काढता आली असती. तिथे २७ विजय, सत्तावीसही नॉकआउट असा माणूस स्टुलावर बसून हरला.

साठ सेकंद

गणित चोख, पण एका हाताने नऊ मिनिटं मिठी मारून दाखवणं वेगळं. फाटलं होतं डाव्या खांद्याचं रोटेटर कफ. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांचा तो पट्टा. ठोसा लागला की हात समोरच्या अंगावर थांबतो. हुकला की तो थांबवायचं काम याच कंडरांवर येतं. आणि बर्डचा सगळा खेळच हुकवण्याचा! नऊ राउंड हवेत जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारणं हे खांद्यासाठी मार खाण्याहून वाईट.

पट्टा फाटला की हात साधारण ६० ते १२० अंशांत उचलताना कळ येते, म्हणजे नेमका गार्डच्या (बचावासाठी धरलेल्या हातांच्या) उंचीला. बर्ड डावखुरा, त्याचा पुढचा उजवा हात वितालीच्या डाव्या बाजूला येतो, जी बाजू आता उघडी. मिठी मारायलाही दोन हात लागतात, आणि रेफरी सारख्या मिठ्यांवर गुण कापतो. तुमच्या ११४-११३ मधला एक गुण तिथेच गेला.

डावखुरा

गुण कापणार हे मान्य, ते धरलं नव्हतं. पण डेव्हिड हेचं काय? ४ मार्च २०१७, लंडन, टोनी बेल्यू. सहाव्या राउंडमध्ये उजव्या पायाची अकिलीस कंडरा गेली आणि तो अकराव्यापर्यंत उभा राहिला.

दहा औंस

राहिला, आणि दोरांतून बाहेर पडला, मग त्याच्याच कॉर्नरने टॉवेल टाकून हार मानली. उजवा पाय त्याचा मागचा पाय. उजव्या ठोशाची ताकद मागची टाच रेटून येते आणि मागे उडी मारायलाही तोच लागतो. पाच राउंड तो मारूही शकत नव्हता आणि पळूही. धैर्य वादातीत, निकाल मात्र तोच लागला, फक्त मार जास्त खाऊन. शिवाय डेव्हिड हे तेव्हा मागे पडत गेला होता, विताली पुढे होता. तुलना नीट बसत नाही.

निळा कोपरा

मग डॅनियल ड्युबॉइसला "पळपुटा" म्हणणाऱ्यांचं काय? २८ नोव्हेंबर २०२०, जो जॉइसविरुद्ध त्याने दहाव्या राउंडमध्ये गुडघा टेकला आणि दहा मोजू दिले.

साठ सेकंद

ड्युबॉइसच्या डाव्या डोळ्याची खोबण तुटली होती. जॉइसने पूर्ण संध्याकाळ एकाच डोळ्यावर जॅब लावला. खोबणीचा तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते. तळ फुटला की डोळा हलवणारा स्नायू फटीत अडकू शकतो, वर बघताना एकाचे दोन दिसतात, गाल बधिर होतो. कॉर्नरने दोन गोष्टी करायच्या: डोकं न हलवता वर बघायला लावून बोटं मोजायला सांगणे, आणि नाक शिंकरू न देणे. शिंकरलं की सायनसमधली हवा खोबणीत घुसते आणि डोळा जागच्या जागी मिटतो.

एकाच डोळ्याने दिसत असेल तर अंतराचा अंदाज जातो, आणि त्या बाजूने येणारा ठोसा दिसतच नाही. हे बघायचं तर पुन्हा जॉइसच, १५ एप्रिल २०२३, आता दुसऱ्या बाजूने. झँग झिलेई डावखुरा, त्याचा सरळ डावा थेट जॉइसच्या उजव्या डोळ्यावर. डोळा बंद, डॉक्टरांनी पाहिलं, सहाव्यात थांबवली.

डावखुरा

ड्युबॉइसचं मान्य, मी कधीच पळपुटा म्हटलं नव्हतं. बर्डवर मात्र माझं मत थोडंच बदललंय: दहाव्याला उठून एक राउंड बघायला हवा होता. न जमलं तर अकराव्याला कॉर्नर होताच.

दहा औंस

बघा, तिथे आपलं जुळणार नाही. एक खुलासा मात्र: ड्युबॉइसचा निकाल नॉकआउट आहे, कारण रेफरीने दहा मोजले. विताली-बर्डचा आरटीडी (लढतीतून माघार), नववा राउंड, कारण तो दोन राउंडांच्या मधल्या विश्रांतीत थांबला. आकडेवारी काढणारे टीकेओ, नॉकआउट आणि आरटीडी हे तिन्ही एकाच रकान्यात टाकतात आणि मग "दुखापतीने किती हरला" यावर रात्रभर भांडत बसतात.