जुनी ऑडी टीटी: दिल्ली पासिंग घ्यावी की एमएच १२? योग्य किंमत किती?

पहिला_घाट: नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो. बजेट १८ लाख, त्यात ट्रान्सफर, विमा सगळं आलं. रोजच्याला स्विफ्ट आहे, ही फक्त रविवारी ताम्हिणी-वरंध्याला काढायची. दोन टीटी मिळाल्यात, दोन्ही २०१२ च्या, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. एक दिल्ली पासिंग, ५२ हजार किमी, १४ लाख सांगतोय. दुसरी एमएच १२, म्हणजे पुणे पासिंग, ७१ हजार किमी, १९ लाख. दिल्लीवाली पाच लाखांनी स्वस्त, पळालीही कमी. तीच घ्यावी का?

टर्बोतात्या: टीटी कशाला? मागच्या सीटवर दप्तर सोडून काही बसत नाही. थोडे वर टाका आणि २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस शोधा. २३० पीएस, पाच माणसं आणि अवाढव्य डिकी. माझ्याकडे आहे. एक्सप्रेसवेवर ती गाडी काय चीज आहे ते बसल्याशिवाय कळणार नाही.

पहिला_घाट: तात्या, बजेट १८ आहे. आणि दोन दारं हवीत.

आरटीओ_वारी: दिल्लीच्या गाड्या स्वस्त का असतात ते आधी समजून घ्या. तिथे पेट्रोलला १५ वर्षं, डिझेलला १० अशी मर्यादा घातली गेली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. २०१२ ची गाडी २०२७ ला पंधराची होते, म्हणून मालक काढून टाकतोय. आपल्याकडे १५ नंतर फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, तो प्रश्न नाही. प्रश्न टॅक्सचा आहे. दिल्लीहून एनओसी आणायची आणि इथे नव्याने रोड टॅक्स भरायचा. टीटी आयात गाडी, तिला दर २० टक्के. तोही तुमच्या १४ लाखांवर नाही! मूळ किमतीवर, वयाची घट धरून. दिल्लीचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण तिथे फाइल हलवायला आपला माणूस हवा. टोकन देण्याआधी आरटीओत जाऊन आकडा काढा. १४ ची गाडी दारात येईपर्यंत १४ ची राहत नाही.

खोपोली_एक्सप्रेस: १२ महिने दिल्ली नंबरवरच चालवायची. कोण विचारतंय?

आरटीओ_वारी: बारा महिन्यांनी तर विचारतीलच ना? आणि पिवळी टीटी, डीएल नंबर, पुण्याचा चांदणी चौक. पहिल्याच नाक्यावर बाजूला घेतील.

पहिला_घाट: पिवळी नाही, पांढरी आहे.

मीरा_सांगली: पुराची गाडी नाही ना, हे बघा. २०१९ च्या महापुरानंतर माझ्या भावाला एका डीलरने चकचकीत सेडान गळ्यात मारली. सहा महिन्यांत वायरिंग गेलं आणि डीलर फोन उचलेना. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही जुनी गाडी बघायला गेलं की मी सोबत जाते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा फूटभर सगळे पुसतात, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची मातकट रेघ तशीच राहते. मग सीट पुढे सरकवून रूळांचे बोल्ट बघा, डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला. परफ्यूमचा भपकारा आला तर सरळ घरी या.

टर्बोतात्या: दिल्लीत कसला पूर? व्हीआरएसचा विचार करा.

मीरा_सांगली: २०२३ ला यमुनेचं पाणी लाल किल्ल्यापर्यंत आलं होतं, तात्या.

नाना_गॅरेज: किलोमीटरच्या आकड्याला भुलू नका. या टीटीचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या क्लचचा. त्याचं तेल आणि फिल्टर ६० हजार किमीला बदलायचा असतो, म्हणजे ५२ हजारवाल्याचा खर्च तुमच्या माथी. ७१ वाल्याला बिल मागा. बिल नसेल तर झालं नाही असं धरून पैसे कापा. मागच्या हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं तेलही विचारा, ते बहुतेकजण विसरतात. इंजिन २११ पीएसचं. त्या पिढीत टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि इंजिनाचं तेल पिणं, या दोन गोष्टी जगजाहीर आहेत. मालकाला सांगा, मी आल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. बोनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मगच स्टार्टर मारा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर चेनचं काम आलं. टायरवर चार आकडे असतात, ०९१३ म्हणजे २०१३ च्या नवव्या आठवड्यात बनलेला. एमएच १२ वालीला माझ्या मते साडेसोळाच्या वर एक रुपया नाही.

खोपोली_एक्सप्रेस: विम्याच्या पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत असते, तीच खरी. एवढी चर्चा कशाला?

नाना_गॅरेज: पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात. तिच्यावर सौदा करायचा नसतो.

वाशीकर: आरटीओ_वारी यांच्याशी सहमत, दिल्लीच्या गाडीला टॅक्स पडतो. माझी थार पहिल्या दिवसापासून एमएचच आहे, काही कटकट नाही.

टर्बोतात्या: तेल सगळ्याच टर्बो गाड्या पितात. माझी व्हीआरएस सोडून.

पहिला_घाट: अपडेट. दिल्लीवाल्याला सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावला. थंड स्टार्ट दाखवतो म्हणाला होता, पण कॅमेरा सुरू झाला तेव्हा गाडी आधीच चालू आणि तापमानाचा काटा मधोमध. वर २०१६ ते २०२० एकही सर्व्हिस नोंद नाही. सोडली.

एमएच १२ वाली मीराताईंच्या पद्धतीने तपासली, बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. मालकाने फाइलच पुढे ठेवली: ६१ हजारला गिअरबॉक्सचं तेल, त्याच सुमारास हॅल्डेक्स, टेन्शनर बदलल्याचं बिल जुन्या भागाच्या फोटोसकट. नाना, तुमचा आकडा मी त्यांना ऐकवला, ते हलले नाहीत. १७ लाख ८० ला घेतली. ट्रान्सफर-विमा धरून बजेटच्या वर गेलो, पण झालेल्या कामांची किंमत मी या गाडीत धरतो. टीटी २०२३ ला बंदच झाली, इतकी नीट सांभाळलेली पुन्हा कधी मिळणार?

नाना_गॅरेज: लाखभर जास्तच दिलेत. टेन्शनरच्या बिलावरचा पार्ट नंबर मला पाठवा, नव्या सुधारित नगाचा आहे का ते सांगतो.

टर्बोतात्या: अभिनंदन. एकदा माझी चालवून बघायला हवी होती.

खोपोली_एक्सप्रेस: दिल्लीवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?