भूकंपानंतर आधी रस्ता की आधी पर्यटक? कच्छ बघून पडलेला प्रश्न

कडकचहा: गेल्या आठवड्यात कच्छ करून आलो. मुंबईत गाडीत बसलो, झोपून उठलो तर भुज. धोरडोचं पांढरं रण, मग खावड्याहून धोळावीरा. दोन्ही बाजूंना मीठ आणि मधून सरळसोट रस्ता. २६ जानेवारी २००१ ला हाच जिल्हा भुईसपाट झाला होता हे खरं वाटत नाही. माझं मत: आपत्तीनंतर पैसा आधी रस्ते-रेल्वेत घाला, पर्यटक मागोमाग येतात आणि गावं सावरतात.

रिकामटेकडी: सावरतं कोण ते सांगा ना. धोरडोच्या पांढऱ्या रणातला पर्यटन मेळा, म्हणजे रणोत्सव, हिवाळ्यातले तीन-चार महिने, त्यातही पौर्णिमेला गर्दी. तंबूत एक रात्र, सेल्फी, परत. २०२३ ला धोरडो जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत आलं, अभिनंदन. पण शेजारच्या गावात कोण थांबतं? आणि भूकंपात गेलेल्यांचं स्मृतिवन व्हायला २०२२ उजाडलं!

मुलुंडचा कच्छी: ताई, रस्त्याला नावं ठेवू नका. कच्छमध्ये शिरायच्या वाटेवरच्या सुरजबारीच्या पुलाला भूकंपाने दणका दिला तेव्हा मदतीचे ट्रक कसे अडकले ते आमच्या घरात अजून सांगतात. लहानपणी आम्ही गांधीधामला उतरून पुढे छोट्या गाडीने भुजला जायचो, तेही आठवतं. पर्यटनाचं मात्र तुमचं थोडं पटतं. धमडका गावच्या पाण्यात भूकंपानंतर लोह वाढलं, अजरखचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाचा, रंग बिघडायला लागला. म्हणून ही छपाई करणाऱ्या कितीतरी खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. त्यांना आधी चांगलं पाणी हवं होतं, पर्यटक नंतर. आज अंगणात ठसे मारताना बघायला मिळतात, दुपट्टा थेट कारागिराकडून घेता येतो.

औसेकर: आमच्याकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. बावन्न गावं नव्या जागी उठवली. घरं मिळाली, डांबरी रस्ते मिळाले, पण शेत जुन्या शिवारात राहिलं, रोजची पायपीट वाढली. किल्लारीला फिरायला कोण येणार? मग आमच्या रस्त्यांचा हिशेब कडकचहा कशात करणार? तालुक्याला वेळेवर एसटी मिळते का, एवढं बघा की राव.

कडकचहा: औसेकर, मान्य. पर्यटक हे एकच माप नको. तरी रस्ता आधी, यावर मी ठाम आहे. @मुलुंडचा कच्छी, अजरखपूरची पाटी दिसली होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सूर्यास्त चुकेल." थांबलो नाही.

रिकामटेकडी: बघा, रस्ता इतका छान की गाव मागे पडलं.