पैठण नेमकं कोणी वसवलं?

प्रश्न: एका माहितीपत्रकात पैठण पुरूरव्याची राजधानी म्हटलंय, दुसऱ्यात शालिवाहनाने वसवलं असं आहे. खरं काय धरायचं?

प्रतिसाद १: पुराणातला राजा पुरूरवा आधी बाजूला काढा. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, पण त्याचं प्रतिष्ठान गंगा-यमुनेच्या संगमावरचं, प्रयागसमोरचं झूसी. नाव एकच असल्याने माहात्म्यं लिहिणाऱ्यांनी ते सर्रास गोदाकाठी आणून ठेवलं. श्लोक हाती आला की आधी नदी कोणती ते बघायचं. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'तही पुरूरव्याचा राजवाडा संगमावरच आहे.

शालिवाहनाची, म्हणजेच सातवाहनाची, कथा मात्र अस्सल पैठणचीच. १४ व्या शतकात जैन आचार्य जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्पा'त ती दिलीय: शेषनागाचा मुलगा, कुंभाराच्या घरी वाढलेला, सवंगड्यांना मातीचे हत्ती-घोडे करून देणारा. 'सनोति' म्हणजे देतो, वाहनं देतो म्हणून सातवाहन! व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली, पण झकास. पुढे हीच मातीची फौज जिवंत होऊन उज्जैनच्या विक्रमादित्याला पळवून लावते.

प्रश्नकर्ता: मग शके १ पैठणलाच सुरू झाला ना?

प्रतिसाद २: नाही. सातवाहन राजघराण्याच्या कोरीव लेखांत राज्यवर्षं, म्हणजे त्या राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, असतं. नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातला राणी गौतमी बलश्रीचा लेख सातवाहन राजा पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा, शक नाहीच. इ.स. ७८ ची गणना चालवली ती पश्चिम भारतातल्या शक राजांनी, क्षत्रपांनी, म्हणजे सातवाहनांच्या वैऱ्यांनी. शालिवाहनाचं नाव तिला मध्ययुगात चिकटलं. (इ.स. वरून शक काढताना पाडव्यानंतर ७८ वजा करा, जानेवारी ते पाडवा ७९. इथे एका वर्षाची चूक हमखास होते.)

प्रतिसाद १: आणि शहर सातवाहनांनी शून्यातून उभं केलं असंही समजू नका. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात बावरी नावाच्या ब्राह्मण गुरूचे शिष्य उत्तरेकडे निघतात, त्यांच्या वाटेवर पहिलं नाव पतिट्ठान, म्हणजे पैठण, मग माहिष्मती, उज्जेनी. ती गाथा मूळ सुत्तांनंतरची आहे, तेव्हा तिच्यावरून शतक ठरवू नका. वाट मात्र खरी. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक सागरी प्रवासवर्णन भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे तेर, सांगतं. पैठणचा अकीक (मौल्यवान दगड) आडरानातून गाड्यांनी भडोचला जायचा. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने तर पैठणच्या राजाचंही नाव दिलंय: 'सिरो पोलेमायोस', आपला श्री पुळुमावी.

माहितीपत्रकात 'वसवलं' खोडून 'राजधानी केली' एवढं लिहा.