दोन दहाचाकी ट्रक, कोल्हापूर–चाकण : थेट काम आणि परतीचे भाडे कसे मिळवावे?

पंचगंगाकाठ :
नमस्कार. माझ्याकडे दोन दहाचाकी ट्रक आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतील कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, चाकणला पोहोचवणे हे आमचे वर्षभराचे काम असून हंगामात गुजरातला गुळाच्या खेपा होतात. सर्व भाडी दलालांमार्फत येतात. गाडी भरताना मिळणारी उचल डिझेल आणि टोलमध्ये संपते, माल मिळाल्याची सही असलेली पोहोच जमा करूनही बाकी रक्कम दोन-दोन महिने मिळत नाही, आणि चाकणहून गाडी पुष्कळदा रिकामी परतते. थेट कारखान्यांचे काम घ्यायचे ठरवले तर ओळखी कोठून सुरू कराव्यात, त्यासाठी स्वतःची बिल्टी (माल वाहून नेण्यासाठी स्वीकारल्याची पावती) काढणे आवश्यक आहे का, आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याच्या आग्रहाला काम न गमावता कसे उत्तर द्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटमाथा :
आधी परतीचे भाडे पक्के करा, जाण्याच्या भाड्याची घासाघीस नंतर करा. चाकणला गाडी रिकामी झाल्यावर जो मालक माल शोधू लागतो, त्याला निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत सांगितला जाईल तो दर स्वीकारावा लागतो, कारण गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता आणि चालकाचा भत्ता थांबत नाही. आपल्या बाबतीत मार्ग जवळच आहे. ज्या फौंड्रीचे कास्टिंग आपण नेता, तिलाच भट्टीसाठी भंगार लागते, आणि चाकण-पिंपरीकडच्या पत्रा दाबणाऱ्या कारखान्यांतून असे भंगार निघते. कारखान्यात आपली ओळख बहुधा माल पाठवणाऱ्या विभागाशी असेल. खरेदी विभागाच्या व्यवस्थापकांना भेटून भंगार कोणत्या गाडीने येते, हे विचारा. दोन्ही बाजूंचा माल एकाच गाडीने येणार असेल तर आपण दोघांनाही थोडा कमी दर देऊ शकता आणि तरीही दलालाच्या कामापेक्षा हातात अधिक उरते.

ओळखींसाठी शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि कागलची मॅक या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यालयांत स्वतः जावे. जिल्ह्याच्या लॉरी ऑपरेटर्स असोसिएशनचे सभासदत्व नसेल तर तेही घ्यावे. मोबाइलवरील भाड्यांच्या अ‍ॅपचा उपयोग अडल्या वेळेपुरता ठेवावा. तेथे समोरचा पक्ष कोण आहे हे कळत नाही, म्हणून उचल खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी भरू नये.

बाजाराविषयी एक गोष्ट सांगणे मला महत्त्वाचे वाटते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसभाराची, म्हणजे चाकांच्या प्रत्येक आसावर येणाऱ्या वजनाची, मर्यादा वाढवली आणि आपल्यासारख्या दहाचाकी गाडीचे मालासह वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. नवी गाडी न येताही बाजारातली वाहतुकीची क्षमता वाढली, परंतु माल तेवढाच राहिला. त्यामुळे टनावर ठरणाऱ्या भाड्यात मोठी वाढ होईल या भरवशावर तिसरी गाडी घेऊ नये.

हिशेबनीस :
मी वाहतूकदारांचे हिशेब पाहतो, म्हणून बिल्टीच्या प्रश्नावर लिहितो. बिल्टी दिली की कायद्याच्या दृष्टीने आपण गाडीमालक राहत नाही, तर माल वाहतूक संस्था ठरता. केवळ गाडीमालक म्हणून बिल्टी न देता केलेल्या वाहतुकीवर जीएसटी नाही, आणि अशा संस्थेला गाडी भाड्याने देण्यावरही नाही. बिल्टी देणाऱ्या संस्थेच्या सेवेवर मात्र कर लागतो : बहुतेक व्यवहारांत पाच टक्के कर नोंदणीकृत कारखानाच भरतो, स्वतः कर आकारून खरेदीवरील कराची पूर्ण वजावट हवी असेल तर सप्टेंबर २०२५ पासून तो दर अठरा टक्के आहे. याशिवाय २००७ च्या रस्ते मालवहन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि मालाच्या नुकसानीची जबाबदारी अंगावर येते. कारखाने थेट काम देताना बिल्टी मागतातच, हे खरे आहे. तरीही एखादा कारखाना वर्षभराचे काम लेखी देत नाही तोवर घाई करू नये, असे माझे मत आहे.

यापुढे बाकी थकू नये म्हणून मात्र आजच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती विनामूल्य आहे. वाहतूक ही सेवा असल्यामुळे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आपल्याला लागू होतो. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. शिवाय मुदतीत पैसे न दिल्यास देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात दाखवता येतो, आणि ही तरतूद कारखान्याच्या लेखापालाला चांगलीच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह तसे घोषणापत्र दिल्यास भाड्यातून आयकराची कपातही होत नाही.

पंचगंगाकाठ :
दोघांचे मनःपूर्वक आभार. भंगाराच्या वाहतुकीचा विचार मी केलाच नव्हता. याच आठवड्यात खरेदी विभागात जातो. जादा भाराचे आणि लेखी दराचे काय करावे, हेही कोणी सांगावे.

जुना मोटरमालक :
जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. हा हिशेब कारखान्यापुढे कागदावर मांडावा आणि वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये. अपघात झाला तर विमा कंपनी वजनाचा मुद्दा काढते, म्हणून येथे तडजोड नको.

लेखी दरात तीन अटी अवश्य घाला. कराराच्या दिवशीचा डिझेलचा दर नमूद करून त्यात ठरावीक फरक पडल्यास भाडे बदलेल, असे लिहून घ्या. गाडी खाली होण्यास ठरलेल्या तासांपेक्षा अधिक वेळ लागल्यास दर दिवसाचा हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचा, आकार लिहा. तिसरी अट वाराईची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीची. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही आपल्या संघटनांची जुनी मागणी आहे, तेव्हा हमाली माल घेणाऱ्याने द्यावी, हे दरपत्रकातच स्पष्ट असावे, अन्यथा ती चालकाच्या खिशातून जाते.

गुळाच्या खेपांबाबत एक सूचना आहे. मालासोबत ई-वे बिल (जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायचे वाहतुकीचे कागदपत्र) असेल तर त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. अहमदाबादला सुमारे ९०० किलोमीटर धरले तर पाच दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते, आणि माल दुसऱ्या गाडीत भरल्यास नवा गाडी क्रमांक नोंदवावा लागतो. ही दोन्ही कामे कोण करणार, हे गाडी निघण्यापूर्वी माल पाठवणाऱ्याशी ठरवून चालकाला त्याचा फोन क्रमांक देऊन ठेवा.