अनुभव धागा : बर्फात गाडी न्यायची तर फोर-बाय-फोर लागतेच का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दिवाळीचा फराळ संपत आला की एक विषय हमखास निघतो, यंदा बर्फ बघायला कुठे. मनालीजवळचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, आणि तेव्हापासून भर जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन बोगद्यापलीकडचं सिस्सू गाठायचं वेड आमच्या लष्कर-मुरार मोहल्ल्यांपर्यंत येऊन पोचलंय. त्यात शोरूममधला मुलगा छातीठोकपणे सांगतो, "सर, पहाड पे ले जाना है तो फोर बाय फोर ही लेना." म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी. वरचे दोनेक लाख मोजायचे की नाही यावरून माझ्या मेहुण्याच्या घरी सध्या अबोला आहे. म्हणून हा धागा.

ऐकीव गोष्टी नकोत, एवढी एकच अट. आपला मोहल्ला, गाडी कुठली, टायर कसले, रस्ता कोणता आणि नेमकं काय झालं ते लिहा. मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होतात, तरी चालेल. मी मधेमधे तोंड घालीनच.

थाटीपूर, छोटी पेट्रोल हॅचबॅक

आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, साधी. शिमल्याहून नारकंड्याला जायचं होतं आणि आदल्या रात्री कुफरी-फागूला चार बोटं बर्फ पडलेला. हॉटेलवाला चहा देता देता म्हणाला, "साहब, ग्यारह बजे से पहले मत निकलना, पाला है." पाला म्हणजे गोठलेलं दव. त्याचं ऐकलं. ताज्या भुसभुशीत बर्फावर गाडी बऱ्यापैकी चालते, चाकाखाली चरचर आवाज येत राहतो आणि टायर पकड घेतो. खरा त्रास सावलीतल्या वळणांवर. तिथे दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून डांबरावर पातळ थर बसतो आणि वरून रस्ता नुसता ओला दिसतो. ऊन आल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या आसपास वेग ठेवून गेलो. वाटेत भाजीचे क्रेट लादलेल्या स्थानिकांच्या आल्टो आम्हाला मागे टाकून जात होत्या. इंजिनचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं, म्हणून त्या बिचाऱ्या निघून जातात. फोर-बाय-फोरची आठवण एकदाही झाली नाही.

सिटी सेंटर, मोठी एसयूव्ही, मागच्या चाकांची

थाटीपूरवाल्यांच्या अगदी उलट. आमची गाडी दिसायला डोंगराएवढी, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर, टायर रुंद. मनालीच्या वर, सोलंगच्या अलीकडे, जरा तुडवून घट्ट झालेल्या बर्फावर, साध्या चढाला मागची चाकं जागीच फिरायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडीचं बूड दरीकडे सरकायचं. शेवटी सगळं सामान डिकीत रचलं, दोन धिप्पाड भाचे मागच्या सीटवर बसवले, तेव्हा कुठे हलली. शेजारून एक जुनी हॅचबॅक शांतपणे वर गेली, तिच्या ड्रायव्हरने हातसुद्धा केला.

*धागाकर्ता :* हे वाचून मेहुण्याला फोन केला. एसयूव्ही म्हणजे फोर-बाय-फोर असं अजून कितीतरी जण धरून चालतात. फॉर्च्युनर दोन्ही प्रकारांत मिळते, आणि २०२३ पासून थारसुद्धा नुसत्या मागच्या चाकांची मिळते. बोनेटकडे बघून काही कळत नाही, कागद बघा.

दौलतगंज, प्रवासी (गाडी चालवता येत नाही, पण मत आहे)

आम्ही चौघी बहिणी गुलमर्गला गेलो होतो. तंगमर्गला आमची टॅक्सी थांबवली आणि पुढचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या सुमोत बसवलं. सुमो इतकी म्हातारी की दाराला दोरी बांधलेली. पोरगा पंचविशीचाही नसेल. वर जाताना अंगठ्या-बांगड्या वाजाव्यात तसा साखळ्यांचा खळखळाट, आणि गाडी जराही घसरली नाही. बाजूला चकचकीत गाड्यांवाले उतरून धक्का देत होते. माझ्या भावाला मी तिथूनच फोनवर सांगितलं, गाडी बदलू नकोस, ड्रायव्हर बदल.

मुरार, निवृत्त, फौजेत ड्रायव्हिंग शिकवायचो

मंडळी, प्रश्न अर्धाच विचारलाय. फोर-बाय-फोर हवी ती चढायला की उतरायला?

चढाचं आधी सांगतो. साध्या गाडीत इंजिनचा जोर एकाच एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीवर जातो, आणि तो दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरेन्शिअलचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत बसतं. एक चाक बर्फावर गरगरतं, दुसरं ढिम्म. फोर-बाय-फोरमध्ये दुसरा एक्सलही कामाला लागतो म्हणून गाडी सुटते. लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे पण जास्त जोराचे गिअर, असेल तर मुंगीच्या पावलाने, चाक न फिरवता वर काढता येते. इथे तिचे पैसे वसूल आहेत, वाद नाही.

आता उतार. ब्रेक आल्टोलाही चारही चाकांना असतात आणि थारलाही चारही चाकांनाच.  गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की दोघीही सरळ जातात. एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही, पकड मात्र कुठून आणणार? म्हणून उतारावर ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही. वळण संपून उतार दिसायच्या आधीच पहिला गिअर, आणि पाय पेडलवरून बाजूला.

इथे एक बारकावा आहे, तो कोणी सांगत नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन ब्रेकिंग फक्त पुढच्या चाकांना लागतं, ते अति झालं तर स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मागच्या चाकांच्या गाडीत ते फक्त मागे लागतं आणि बूड फिरतं, चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढल्यावर होतं तेच. लीव्हरवाल्या फोर-बाय-फोरमध्ये फोर-लो (चारही चाकं, लो रेंज) टाकलं की पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना बांधले जातात आणि इंजिनची ओढ चारही चाकांत वाटली जाते. म्हणजे उतारावरही तिचा उपयोग होतो. पण ज्याला फोर-लो टाकून संयमाने उतरायचं ठाऊक आहे, त्यालाच. बहुतेक जण वर जाताना लीव्हर टाकतात, फोटो काढतात आणि खाली येताना "फोर बाय फोर आहे ना" म्हणून तिसऱ्यात सोडतात. नाल्यात उतरलेल्या गाड्यांत फोर-बाय-फोरची संख्या काही कमी नसते.

आणखी एक. कोरडं डांबर आलं की लगेच टू-हायवर, म्हणजे दोन चाकांच्या साध्या गिअरवर या. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीवर येतो. ऑल-व्हीलवाल्यांनी, म्हणजे ज्यांची चारही चाकं आपोआप चालतात त्यांनी, काळजी करू नये, त्यांच्यात त्याची सोय केलेली असते.

*धागाकर्ता :* काका, हे छापून मेहुण्याच्या डॅशबोर्डवर चिकटवतो.

पडाव, फोर-बाय-फोर, लो रेंजवाली

काकांना नमस्कार, पण एक बाजू राहून जातेय. मनालीहून वर बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडाशी उभे राहतात आणि पुढे फक्त फोर-बाय-फोर सोडतात. तिथे तुमचं कौशल्य, टायर, पुण्याई, काही विचारत नाहीत. बोनेटमध्ये डोकावत नाहीत, मागचा बॅज बघतात. ज्यांना वरच जायचं आहे त्यांच्यासाठी एवढ्यावरच उत्तर आहे.

पण त्याच रस्त्याचं दुसरं टोकही मी पाहिलंय. २०२४ च्या डिसेंबरअखेर सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी रात्रभर लोकांना खाली काढलं, ते आठवतंय का? त्या रांगेत आम्हीही होतो. माझ्या गाडीला काही झालं नव्हतं, ती जागेवरून सुटत होती. पण पुढे तिरकी झालेली एक गाडी, मागे तिरकी झालेली दुसरी. चार चाकं फिरवून जाणार कुठे? रस्ता बंद झाला की सगळ्यांना सारखाच बंद.

हीटर चालू ठेवायला इंजिन चालू ठेवलं होतं, तेव्हा एक पोलीस काच ठोकून म्हणाला, आधी सायलेन्सर मोकळा करा. खाली उतरून पाहिलं तर धुराच्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा ढीग चढत आलेला. फावडं नव्हतं, स्टीलच्या ताटलीने उकरला. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात गाडीत कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइडची चर्चा बरीच झाली होती. त्या वासाला नाव नाही, तो येतच नाही. तेव्हापासून डिकीत फावडं, रजाया आणि मुरैनाची गजक (तीळगुळाची कुरकुरीत वडी) कायम. गजक थंडीत दगड होते, पण पोटाला आधार देते.

जीवाजीगंज, सेडान, साखळ्यांसकट

साखळ्यांबद्दल सगळे "लावायच्या" एवढंच लिहितात. त्या लावायच्या कशा ते ऐका. साखळी चाकावर पसरायची, आणि आतल्या बाजूची कडी हुकात अडकवायला हात टायरच्या मागे घालायचा. हातमोजे घालून हुक सापडत नाही, काढले तर अर्ध्या मिनिटात बोटं बधिर. वर चाकाच्या खोबणीत चिखल-बर्फ भरलेला. बायको मोबाइलचा उजेड धरून उभी, आणि मी रस्त्यावर प्लास्टिकचं पोतं टाकून आडवा. दोन्ही चाकांना लावून शंभर पावलं गाडी पुढे घ्यायची, मग उतरून परत ताणायच्या, कारण तोवर त्या ढिल्या होतात. हे टाळलं तर साखळीचं मोकळं टोक मडगार्ड फोडतं.

आता दरवर्षी निघायच्या आधी घराच्या गच्चीखाली, ग्वाल्हेरच्या ऊनात, एकदा लावून काढून बघतो. गल्लीतली पोरं गोळा होतात. मापही तेव्हाच कळतं, साखळ्या टायरच्या साइजप्रमाणे येतात. सेडानने नारकंड्यापर्यंत निभावलं. हिमाचलच्या सरकारी बसला कुठे फोर-बाय-फोर असते? मागच्या जोडचाकांना साखळ्या बांधून त्या जातातच की.

गोला का मंदिर, टायरच्या धंद्यातला

इतका वेळ कोणी टायरवर नीट बोललंच नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक व्हायला लागतं, आणि कडक रबर रस्त्याला चिकटत नाही. मग एक्सल एक फिरो की दोन. परदेशी विंटर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं, ते बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. "एम प्लस एस" छापलेलं असतं, त्याला अशी चाचणी लागत नाही, तो नक्षीचा दावा. आपल्या बाजारात खरे विंटर टायर सहज मिळत नाहीत, म्हणून निदान नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरवर पहाड चढू नका. गिऱ्हाईक येतं, दोन लाख जास्त देऊन फोर-बाय-फोर घेतलेलं असतं, आणि टायर बदला म्हटलं की म्हणतं, "अजून दहा हजार किलोमीटर निघतील."

हवेचं पण सांगतो. थंडीने टायरमधली हवा कमी होते, दर पाच-साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). पण तीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे गेज जास्त दाखवतो. दोन्ही मिळून वजाबाकी होते. तेव्हा ग्वाल्हेरला भरलेली हवा वर जाऊन घाबरून सोडू नका, सकाळी गाडी थंड असताना मोजा.

शिंदे की छावणी, नुकतीच जाऊन आलेली, स्वतः चालवते

सगळे वरच्या बर्फाचं बोलताहेत, पण पूर्ण प्रवासात मला घाम फुटला तो ग्वाल्हेर सोडून चंबळ ओलांडेपर्यंतच्या धुक्यात. धौलपूरच्या आसपास पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा दिसत नव्हता. तिथे फोर-बाय-फोर काय करणार?

आणि बोगद्याबद्दल. आत रस्ता कोरडा, नऊ किलोमीटर, माणूस निवांत होतो. सिस्सूकडे बाहेर पडलं की लगेच चंद्रा नदीवरचा पूल. पुलाला खालूनही थंडी लागते, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. बोगद्याच्या आतच वेग कमी करून घेतला होता, तरी पुलावर स्टिअरिंग क्षणभर हलकं लागलं. समोरून येणारी फोर-बाय-फोर टॅक्सी आमच्यापेक्षा हळू चालली होती. त्या ड्रायव्हरला रोजचं माहीत.

*धागाकर्ता :* ताई, मनालीत गाडी लावून अशाच टॅक्सीने वर गेलेले कोणी आहेत का इथे? मला तोच मार्ग पटायला लागलाय. गाडीचे दोन लाख एकीकडे, एका दिवसाचं टॅक्सीभाडं एकीकडे.

थाटीपूर, वरचेच

आम्ही गेलोय. भाडं आधी ठरवा आणि थांबायचे तास धरून ठरवा, नाहीतर वर गेल्यावर घासाघीस होते. बाकी सुख.

लोहिया बाजार, डिझेल गाडी

एक छोटी भर. रात्री मुक्कामाला गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओला झालेला ब्रेक गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा, वायपर उभे करा. सकाळी काचेवर उकळतं पाणी टाकू नका, काच तडकते. आणि डिझेलवाल्यांनी मैदानातून टाकी काठोकाठ भरून नेऊ नये, कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. थोडं वर जाऊन तिथल्या पंपावर भरा. जुने लोक रॉकेल मिसळायचे, बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या इंजिनात तो उद्योग नको.

जीवाजीगंज, साखळीवाला

तिघांनी विचारलंय की साखळ्या कुठल्या चाकांना. जी चाकं गाडी ओढतात त्यांना. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढे, मागच्यांची असेल तर मागे, फोर-बाय-फोरला जमलं तर चारही, एकच जोडी असेल तर गाडीचं मॅन्युअल सांगेल तसं. वेग चाळीसच्या आत. काळं डांबर लागलं की लगेच काढा, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही खातो. माझ्याकडच्या पंधरा इंची चाकाच्या आहेत, वीस जानेवारीनंतर कोणाला हव्या असतील तर घेऊन जा. धुऊन, पुसून, तेल लावून परत करायच्या.