सिंहगड रोडचा पूल झाला, आता खाली राहणाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा कसा?

आनंदनगर_बी_विंग

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडवर आनंदनगरला राहते, चौदा वर्षं झाली. सुरुवातीलाच सांगते की मी पुलाच्या विरोधात नाहीये, सप्टेंबर २०२१ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा आम्हीच सोसायटीत पेढे वाटले होते. मग चार वर्षं कामासाठी लावलेल्या पत्र्यांच्या गल्लीतून जाणं-येणं, धूळ, पावसाळ्यात खड्डे, सगळं सहन केलं, कारण पुढे सोपं होईल असं वाटत होतं. १ मे २०२५ ला विठ्ठलवाडी ते फनटाइमचा पूल सुरू झाला, १ सप्टेंबरला गोयल गंगा ते इनामदार चौकाचा उलट बाजूचा. गाडीवाल्यांचा वेळ वाचला हे खरंच आहे, माझ्या नवऱ्याचाही वाचतो.

पण माझी आई ७४ वर्षांची आहे. तिचा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे, भाजीवाली पलीकडे, देऊळ पलीकडे. आधी सिग्नलला गाड्या तुंबलेल्या असायच्या त्यामुळे त्यांच्यातून का होईना पण पलीकडे जाता यायचं. आता खालचा रस्ता मोकळा झालाय म्हणून गाड्या सुसाट येतात, आणि खांबांमुळे येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. मागच्या महिन्यात एक टू-व्हीलर आईच्या पदराला घासून गेली. पडली नाही, पण तेव्हापासून ती एकटी खाली उतरत नाही. रोज संध्याकाळी देवळात जाणारं माणूस आता गॅलरीत बसून असतं, बघवत नाही हो.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळालीये, म्हणजे आज ना उद्या पुन्हा पत्रे लागणार. माझा प्रश्न एवढाच की ते लागायच्या आधी आपण नेमकं काय मागायचं? "ट्रॅफिक कमी करा" असं मोघम लिहून दिलेल्या अर्जांचं काही होत नाही, दोनदा देऊन झालंय.

धायरीफाटा_रोज

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण आमची बाजू पण ऐका जरा. मी धायरीला राहतो, ऑफिस कॅम्पात. पूल व्हायच्या आधी संतोष हॉलपासून राजाराम पुलापर्यंत यायलाच मला कधी कधी अर्धा तास लागायचा, मुलगी शाळेतून येऊन झोपून गेलेली असायची तेव्हा मी घरी पोचायचो. आता ती जागी असते. हा फरक आमच्यासाठी फार मोठा आहे. पुलानं काहीच झालं नाही असं जे बरेच जण लिहितात ते मला पटत नाही.

अडचण वेगळीच आहे. सकाळी पुलावरून सरसर येतो, राजाराम पुलाचा छोटा फ्लायओव्हर पण पार होतो, आणि मग पु. ल. देशपांडे उद्यानाच्या पुढं दांडेकर पुलापर्यंत सगळं ठप्प. आणि संध्याकाळी फनटाइमला उतरलं की वडगावपर्यंत तेच. जो जाम आधी पाच चौकांत वाटलेला होता तो आता दोन टोकांना गोळा झालाय. माझं म्हणणं, नदीकाठनं विठ्ठलवाडीपासून हायवेपर्यंत एक सरळ रस्ता काढा, त्याशिवाय हे सुटणार नाही. या भागाला येण्या-जाण्यासाठी एकच रस्ता आहे, एकच! बाकी कुठल्या उपनगराची अशी अवस्था नाही.

जुना_हिंगणेकर

धायरीफाटा, तुम्ही म्हणता तो रस्ता करायला घेतला होता बाबा. मी तेव्हा रोज सकाळी तिकडेच फिरायला जायचो. मातीचा भराव टाकत टाकत पार नदीच्या पात्राला भिडले होते. प्रकरण हरित लवादाकडे गेलं आणि २०१३ मध्ये पूररेषेच्या आतल्या भरावाला लवादानं हरकत घेतली. तेव्हा मलाही राग आला होता, की होत असलेला रस्ता अडवला म्हणून. मग २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरी, निंबजनगरमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. माझा मेहुणा तिथंच राहतो, पहिल्या मजल्यावर सामान चढवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. नदीला जागा हवी हे मी तेव्हा मान्य केलं, आणि ते मान्य करायला मला दहा वर्षं लागली.

आपल्या भागाची रचनाच अशी आहे की एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला कॅनॉल आणि त्याच्या मागं डोंगर. या चिंचोळ्या पट्टीत एकच रस्ता बसतो. चाळीस वर्षांपूर्वी मी हिंगण्यात आलो तेव्हा दोन्ही बाजूला शेतं होती आणि सिंहगडाला जाणारी एसटी सोडली तर रस्त्यावर सायकली. पट्टी तेवढीच राहिली, माणसं मात्र वाढत गेली. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१ ला. इमारती त्याच्या कितीतरी आधीच उभ्या होत्या. म्हणजे आधी टॉवर, मग हद्द, मग रस्ता, आणि पाण्याची लाइन तर त्याच्याही मागून. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट सापडायला लागले तेव्हा सगळ्यांना पाण्याची आठवण झाली. रस्त्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा काढून बघता येत नाही असं मला वाटतं. जितका रस्ता, जितकं पाणी, तितक्याच परवानग्या, हे जोवर होत नाही तोवर पुलावर पूल बांधून भागणार नाही.

बस_पास_वाली

कुणी बसचं बोलतच नाहीये म्हणून लिहिते. मी माणिकबागेतून डेक्कनला बसनं जाते, नऊ वर्षं. पूल झाला आणि वेळ वाचला तो फक्त स्वतःची गाडी असलेल्यांचा, कारण बस स्टॉप सगळे खाली आहेत, त्यामुळे बस खालूनच जाते, प्रत्येक सिग्नलला थांबत. वरून टू-व्हीलरवाले जाताना दिसतात आणि आम्ही बसमध्ये पन्नास जण उभे. त्यात १ जून २०२५ पासून तिकीट वाढलं, किमान पाचचं दहा झालं, दिवसाचा पास चाळीसचा सत्तर. माझ्याबरोबर रोज येणाऱ्या तिघीजणींनी त्या दोन-तीन महिन्यांतच स्कूटी काढल्या. हिशोब सरळ आहे, पेट्रोल आणि पास सारखाच पडतो आणि वरून पूल मोकळा. त्यांना नावं ठेवत नाही मी, पण त्या तीन स्कूटी आता त्याच दांडेकर पुलाच्या जाममध्ये उभ्या असतात.

माझी मागणी लिहून घ्या ताई. धायरी, नांदेड सिटी, खडकवासल्याहून येणाऱ्या बसपैकी काही बस कमी थांब्यांच्या करून वरून सोडा. मधल्या लोकांसाठी खालच्या बस वेगळ्या राहू द्या. याला नवीन बांधकाम काहीच लागत नाही, वेळापत्रक बदलायचंय फक्त.

धायरीफाटा_रोज

ही वरून बसची कल्पना खरंच चांगली आहे, मी पण बसेन. बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) नको फक्त, स्वारगेट-कात्रजला २००६ पासून काय काय बघितलंय ते पुरे आहे.

बस_पास_वाली

बीआरटीचं नाव निघालं की सगळे कात्रजच काढतात. पिंपरीत सांगवी-किवळेला जाऊन बघा एकदा, तिकडे मार्गिका नीट राखली तर बस कशी जाते ते दिसतं. पण आपल्याकडे तेवढी रुंदीच नाही हे मान्य, म्हणून तर वरून सोडा म्हणतेय.

दुकानदार_ब्रह्मा_चौकाजवळ

आमचं पण ऐकून घ्या. चार वर्षं दुकानासमोर पत्रे होते. गिऱ्हाईक यायचं कुठून? एक कामगार कमी करावा लागला, दिवाळीला पण धंदा नाही. पत्रे निघाल्यावर जरा बरं होतंय तर आता प्रत्येक चर्चेत पहिली मागणी हीच की रस्त्यावरचं पार्किंग काढा. फूटपाथ रुंद करा, पार्किंग काढा हे लिहायला सोपं आहे, पण गाडी लावायला जागा नसली की माणूस सरळ पुढच्या मॉलला जातो.

आता खरं सांगायचं तर माझ्या दुकानात येणारं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक चालत येणारं आहे, आजूबाजूच्या सोसायट्यांमधलं. आणि पलीकडच्या बाजूचं गिऱ्हाईक जवळपास बंदच झालंय, कारण तेच, रस्ता ओलांडता येत नाही. आनंदनगर ताईंच्या आईंसारखी म्हातारी माणसं आधी उदबत्ती, कापूर, असलं काहीबाही न्यायला यायची, गप्पा मारायची, ती आता येत नाहीत. त्यामुळे क्रॉसिंग हवं याला माझी सही आहे. पार्किंगचं काही करायचं असेल तर आधी पुलाखालची जागा बघा. जिथं क्रॉसिंग येणार नाही तिथं पैसे घेऊन टू-व्हीलर लावू द्या, आम्ही द्यायला तयार आहोत.

खांब_आणि_स्लॅब

पुलांची कामं करणारा इंजिनियर आहे, या पुलाशी संबंध नाही. मुद्द्याचं सांगतो.

पुलाखाली नुसते पांढरे पट्टे मारून उपयोग नसतो. खालच्या गाड्यांचा वेग पट्ट्यांनी कमी होत नाही, रस्त्याची पातळी उचलल्यानं होतो. म्हणजे क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणायचं, गाडीला त्यावरून चढून उतरावं लागतं, वेग आपोआप पडतो आणि म्हाताऱ्या माणसाला फूटपाथवरून उतरायची पायरीसुद्धा राहत नाही. दुसरं, दोन खांबांच्या मधोमध थांबायला जागा, दोन्ही बाजूंनी अडथळा लावून, म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघायच्या. आणि क्रॉसिंगच्या आधीच्या पट्ट्यात एकही हातगाडी, एकही पार्किंग नको, दुकानदार साहेबांनी हे समजून घ्यावं, ते दिसण्यासाठी आहे. सिग्नलला चालणाऱ्यांची वेळ किती आहे ते घड्याळ लावून मोजा. कित्येक ठिकाणी धडधाकट माणसाच्या हिशोबानं ठेवलेली असते, काठी घेऊन चालणारा मधेच अडकतो. पादचारी पूल मात्र मागू नका, जिने चढायला लावले तर आईच काय, तुम्ही पण वापरणार नाही.

मेट्रोचं म्हणाल तर ही खडकवासला-खराडी लाइन आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग अशी दुसरी, दोन्ही मिळून साधारण ३१.६ किमी, सगळी उन्नत, २८ स्टेशनं. माणिकबागेला दोन्ही भेटणार. म्हणजे उद्या तिथं उतरणारी माणसं सगळी पायी रस्त्यावर येणार आहेत. आत्ता तिथं फूटपाथ किती आहे ते बघून या. स्टेशनचे जिने कुठं उतरणार हा प्रश्न आत्ताच विचारा, कारण नकाशा पक्का झाल्यावर जिना चार फूट पण हलत नाही, आणि बऱ्याचदा तो जिना फूटपाथचीच जागा खातो.

औंधचा_जावई

मी तुमच्या भागातला नाही पण गणेशखिंड रोडचा अनुभव सांगतो. विद्यापीठ चौकातले दोन पूल जुलै २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये पाडले, पंधराएक वर्षांचे पूल होते. नव्या दुमजली पुलाचा औंध ते शिवाजीनगर भाग सुरू झाला ऑगस्ट २०२५ मध्ये. पाच वर्षं. त्या पाच वर्षांत आमच्या गल्लीतल्या पोरांना विद्यापीठाच्या गेटपर्यंत चालत जाणं म्हणजे शिक्षा होती, कारण पत्रे लावताना आधी फूटपाथ गेला आणि मग कुणालाच तो परत हवाय असं वाटेना. माझा सल्ला एकच, पत्रे लागायच्या आधीच लेखी मागा की काम चालू असताना चालणाऱ्याला कमीत कमी दीड-दोन मीटरची सलग वाट राहील आणि क्रॉसिंग उघडं राहील. एकदा काम सुरू झालं की ऐकायला कुणी नसतं. आणि मेट्रोचे खांब पुलाच्या कुठल्या बाजूनं येणार हे नकाशासकट विचारा. नळस्टॉपला खाली पूल वर मेट्रो असं बसवलंय, पण ते एकत्र ठरवून केलं होतं.

जुना_हिंगणेकर

दीड मीटर नको, दोन मागा. व्हीलचेअर आणि समोरून येणारा माणूस, दोघं जायला हवेत.

आनंदनगर_बी_विंग

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली व्हीलचेअरचं लिहिणाऱ्या काकांना नमस्कार सांग.

मी असं ठरवलंय. अर्ज मोघम नको, त्यात चारच गोष्टी. आनंदनगर, ब्रह्मा हॉटेल आणि माणिकबागेला उचललेली क्रॉसिंग, मधे थांबायच्या जागेसकट. सिग्नलला चालणाऱ्यांची वेळ वाढवणं. काही बस पुलावरून. आणि मेट्रोचे खांब, जिने यांचा नकाशा, काम चालू असताना दोन मीटरची वाट राखण्याच्या लेखी हमीसह. धायरीफाटा, तुमच्या वेळेला यातल्या कशानंही धक्का लागत नाही, पूल आहे तसाच राहतो, त्यामुळे तुमची सही हवीच आहे मला. दुकानदार दादा, पुलाखालच्या पार्किंगचं वेगळं पत्र तुम्ही लिहा, आम्ही सोसायटीतर्फे सही करतो.

अर्जाला आकडे जोडायचेत. रविवारी सकाळी सात वाजता आनंदनगरच्या सिग्नलला जमतोय, फूटपाथची रुंदी मोजायची, आणि सिग्नलची वेळ दहा वेळा तरी टिपायची. आई पण येते म्हणालीये, तिला ओलांडायला किती सेकंद लागतात ते तिच्याच पावलांनी मोजू, मी आणि माझा मुलगा दोन्ही बाजूंनी असू. अजून चार-पाच जण हवेत.

खांब_आणि_स्लॅब

येतो. पन्नास मीटरची टेप आहे माझ्याकडे. संध्याकाळी सहा ते आठमध्ये पण एकदा मोजावं लागेल, रविवार सकाळच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बस_पास_वाली

सोमवार संध्याकाळ माझ्याकडे. बसमधून उतरले की तिथंच थांबते.